४३ सेंटिमीटरचा वाद

"ज्यानं एका सीटचे पैसे भरले, त्यानं एका सीटमध्ये मावावं. मावत नसेल तर दोन तिकिटं काढावीत. यात एवढं चिडण्यासारखं काय आहे मामा?"

माझी लेक हे बोलली आणि माझ्या भावानं हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. गुरुवार होता, एमआयडीसीची सुट्टी. भाऊ टेल्कोतून निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, पण पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्यासारख्या घरांत भेटीगाठींचा वार अजून गुरुवारच आहे. लेक चाकणच्या एका कारखान्यात मोटारींच्या सीटच्या डिझाइनवर काम करते. अंगानं बारीक. भाऊ तरुणपणी भोसरीच्या तालमीत घुमलेला, रुंद खांद्यांचा. तालीम सुटली, शरीर वाढत गेलं, आता वजन ११८ किलो.

वादाचं निमित्त लेकीचा दिल्लीचा प्रवास होता. मानेसरच्या एका पुरवठादाराकडे तपासणीसाठी ती आदल्याच आठवड्यात जाऊन आली. खिडकीजवळच्या किंवा कडेच्या सीटचे जास्तीचे पैसे कंपनी देत नाही, त्यामुळे वाट्याला मधली सीट. शेजारचे गृहस्थ चांगलेच थोराड होते. त्यांचा दंड सीटची हद्द ओलांडून तिच्या बरगड्यांना लागलेला, मांडी तिच्या मांडीला टेकलेली. लोहगावहून विमान सुटल्यापासून दिल्लीत उतरेपर्यंत ती दुसऱ्या बाजूला कलून बसली. घरी आली तेव्हा मान वळत नव्हती.

"मला सांगा, माझ्या सीटचे पुरे पैसे भरले होते ना? मग त्यातली पाऊण सीटच मला का मिळाली?"

भाऊ जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पोरी, तू ज्याच्याबद्दल बोलतेयस तो मीच आहे असं समज."

आणि त्यानं दिवाळीनंतरची गोष्ट सांगितली, जी मलाही माहीत नव्हती. बंगळूरुला मुलीकडे राहून तो परत येत होता. सीटवर बसला तसा शेजारच्या माणसानं हवाई सुंदरीला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, मला दुसरी सीट द्या, यांच्या शेजारी बसता येणार नाही. विमान भरलेलं होतं, दुसरी सीट नव्हती. "मग मी दोन्ही हात पोटावर घट्ट बांधले आणि तसाच बसलो. पाणीसुद्धा प्यायलो नाही. बाथरूमला जायला उठलो तर त्या माणसाला उठावं लागेल, आणि तो परत काहीतरी बोलेल."

मला त्या क्षणी वाटलं की हे दोघं एकच गोष्ट सांगताहेत. दोघांचंही पुरं भाडं भरलेलं होतं आणि दोघांनीही प्रवास अंग चोरून केला. पण वाद तिथं संपणार नव्हता, आणि संपू नये असं मलाही वाटत होतं, कारण दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं.

भावाचा मुद्दा होता सवयीचा. "लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. तेव्हापासून बघतोय. तिघांच्या बाकावर चौथा बसतोच. 'जरा सरका' म्हटलं की तिघं सरकतात, चौथा अर्धा बाहेर का होईना, टेकतो. भोसरीहून चाकणला सहा आसनी रिक्षा जायच्या, त्यात माणसं किती असायची ते विचारू नकोस. एसटीच्या जुन्या लाल गाडीत एका बाजूला तिघांची सीट, दुसऱ्या बाजूला दोघांची, मध्ये दांडा नाही की काही नाही. तिघांत एक जाडा असला तर दोन बारके त्याला सांभाळून घ्यायचे. मला तिथं कधी कोणी दोन तिकिटं काढ म्हणालं नाही. एसटी अर्धं तिकीट देते ते लहान वय बघून देते, बाईमाणूस आहे म्हणून देते. कंबर मोजून कधी दिलं नाही आणि कंबर मोजून कधी जास्त घेतलंही नाही."

लेक तयारीत होती. "मामा, त्या बाकावर सगळ्यात जास्त कोण सरकतं, ते बघितलंय का तुम्ही?"

"म्हणजे?"

"पुरुष गुडघे फाकवून बसतो. बाई दोन्ही गुडघे जुळवून, पर्स मांडीवर घेऊन, कोपरं आत ओढून बसते. सांभाळून घेणारे बारके म्हणजे बहुतेक वेळा बायका आणि पोरं. आणि मला अंगाला अंग लागण्याचा त्रास फक्त जागेचा नाही. शेजारच्या माणसाचा हात चुकून लागलाय की मुद्दाम, हे सव्वादोन तास मनात मोजत बसावं लागतं. दिल्लीचे ते काका सज्जन असतील. बहुतेक होतेच. पण ते मला आधी कसं कळणार?"

भावानं मान खाली घातली. हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याला स्वतःला दोन मुली आहेत. "हे मी धरलं नव्हतं," तो म्हणाला.

बायकांसाठी या प्रश्नाचं स्वरूप वेगळं आहे, ही गोष्ट या विषयावरच्या चर्चेत फार कमी ऐकू येते. आकारमानाचा मुद्दा म्हणून सगळं सेंटिमीटरवर येतं. प्रत्यक्षात एका बाईला अनोळखी माणसाचा स्पर्श टाळण्यासाठी जी जागा लागते, ती तिच्या शरीराच्या मापापेक्षा जास्त असते. तिचा तो हक्क मी कुठल्याही युक्तिवादासाठी सोडायला तयार नाही.

सेंटिमीटर मात्र आम्ही मोजले. लेकच उठली. माझा शिवणकामाचा टेप आणि खडू घेऊन तिनं दिवाणावर रेघा मारल्या. "विमानातली साधी सीट १७ ते १८ इंच रुंद असते, दोन हातांच्या, म्हणजे आर्मरेस्टच्या, मधली. १७ धरू. म्हणजे ४३ सेंटिमीटर. हाताची जाडी पाचेक सेंटिमीटर." तीन सीट आखल्या, मधल्या दोन हातांच्या जागी दोन जाड पुस्तकं उभी केली. मग एका कडेला भाऊ, मध्ये ती आणि दुसऱ्या कडेला माझा धाकटा मुलगा असे तिघं बसले. मी टेप धरला.

भावाचं बूड ४६ सेंटिमीटर भरलं, खांदे ५५. लेकीचं बूड ३६, खांदे ३९. धाकटा शिडशिडीत आहे, त्याला कोणी जाडा म्हणणार नाही. त्याचं बूड ३५ आणि खांदे ४६.

"हे बघा," लेक म्हणाली, आणि तिचा कामावरचा आवाज लागला. "सीट मोजतात ती कमरेशी. माणूस सगळ्यात रुंद असतो खांद्याशी. म्हणजे आपला हा काडीपैलवानसुद्धा त्याच्या सीटच्या बाहेर तीन सेंटिमीटर आहे. तीन साधे पुरुष शेजारी शेजारी बसले तरी खांद्याला खांदा लागणारच. आम्ही मोटारीची सीट करतो तेव्हा शंभरातल्या ९५ पुरुषांना ती पुरली पाहिजे असं धरून चालतो. अहमदाबादच्या एनआयडीनं भारतीय शरीरांच्या मापांचं पुस्तक १९९७ मध्येच काढलंय. मापं माहीत नाहीत असं कोणी म्हणू शकत नाही."

"मग विमानवाल्यांना कोण अडवतं?"

"विमानाचं अंग. बोइंग ७३७ ची रुंदी आली आहे ७०७ वरून, आणि ७०७ प्रवासी घेऊन उडायला लागलं १९५८ साली. केबिन ३ मीटर ५४ सेंटिमीटर. त्यात सहा सीट आणि मधला रस्ता बसवायचा तर १७ इंचच वाट्याला येतात. एअरबस ए-३२० ची केबिन १६ सेंटिमीटर जास्त रुंद आहे, त्यामुळे तिथं १८ इंच देता येतात. एका रांगेत पाच सीट केल्या तर सगळे सुखानं बसतील. पण मग प्रत्येक रांगेतलं एक तिकीट गेलं."

भाऊ एव्हाना टेपवरच्या आकड्यांची बेरीज करत होता. आयुष्य कारखान्याच्या शॉपवर गेलेला माणूस, आकडा दिसला की त्याचं डोकं चालतं. "थांब. तिघांचे खांदे मिळून ५५, ३९ आणि ४६. म्हणजे १४०. तुझ्या तीन सीट १२९, मधले दोन हात धरून १३९. अगं, जागा पुरतेय की! एका सेंटिमीटरचा फरक. आपण तिघं मावतो. फक्त रेघा चुकीच्या जागी आहेत. बाकावर हेच होत होतं. तुझ्याकडची उरलेली चार सेंटिमीटर माझ्याकडे येत होती."

हा त्या दिवसाचा सगळ्यात मोलाचा शोध होता असं मला वाटतं. पण लेकीनं दिलेलं उत्तर मला त्याहून मोलाचं वाटतं.

"माझी चार सेंटिमीटर मी देईन मामा. पण द्यायची की नाही हे मी ठरवायचं. तुम्ही गृहीत धरायचं नाही. दिल्लीच्या त्या काकांनी बसतानाच मला विचारलं असतं ना, की बाळ, माझा हात तुझ्याकडे येईल, चालेल का, तर मी हो म्हटलं असतं. कदाचित, यांना तुमची कडेची सीट द्याल का, असं दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याला विचारलंही असतं. ते काही न बोलता आर्मरेस्ट वर करून बसले. सगळा राग त्याचा आहे."

"आणि मला त्या माणसानं विचारलं असतं, काका, जरा अडचण होतेय, काय करूया, तर मी उठून उभा राहिलो असतो. त्यानं माझ्याशी न बोलता हवाई सुंदरीशी बोलणं केलं. मी तिथं असून नसल्यासारखा."

मग विषय दोन तिकिटांवर आला. इथं मात्र दोघं परत भिडले.

लेकीचं म्हणणं सरळ होतं: जास्त जागा लागते, जास्त पैसे भरा. तानपुरा किंवा सतार सीटवर ठेवून न्यायची तर कलावंत त्या वाद्याचं तिकीट काढतात. तसंच हे.

"मी वाद्य नाही," भाऊ म्हणाला. "आणि मी हे शरीर हौसेनं खरेदी केलेलं नाही. खांदे तालमीतले आहेत, ते मी उद्या उपास केला तरी आत जाणार नाहीत. उरलेलं कमी करायचं म्हणून डॉक्टर सांगतात ते सगळं करतोय. तोवर मुलीकडे जाऊ नको?"

एकट्या माझ्या भावाचाच हा प्रश्न नाही. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष जादा वजनाच्या गटात आले. दर चारपाच माणसांत एक. तीन सीटची रांग भरताना हा माणूस येणारच, हे विमान कंपनीला तिकीट विकण्याआधी माहीत असतं. पाळ्यांची नोकरी, रात्रीचं जेवण, कंपनीच्या बसमधून तळेगाव चौकात अडकलेले तास, या सगळ्यातून घडलेली शरीरं आमच्या पट्ट्यात घराघरात आहेत. त्यांना आळशी म्हणणं सोपं आहे. मला ते बोलणं सहन होत नाही.

जगात या प्रश्नावर उत्तरं शोधली गेली आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कॅनडाच्या वाहतूक प्राधिकरणानं जानेवारी २००८ मध्ये निर्णय दिला, की लठ्ठपणामुळे ज्याला अपंगत्व आलं आहे अशा प्रवाशाकडून देशांतर्गत विमानात दुसऱ्या सीटचं भाडं घेता येणार नाही. एक माणूस, एक भाडं. विमान कंपन्या कोर्टात गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं अपील ऐकायला नकार दिला. अमेरिकेत साउथवेस्ट ही कंपनी मोठ्या अंगाच्या प्रवाशाला दुसऱ्या सीटचे पैसे परत द्यायची. जानेवारी २०२६ पासून तिनं ती सवलत आखडती घेतली: सीट आधी विकत घ्या, पैसे परत मिळतील ते विमानात जागा रिकामी राहिली तरच. आणि २०१३ मध्ये सामोआ एअर या छोट्या कंपनीनं माणसाला वजनावर भाडं लावलं होतं. ते ऐकून लेक म्हणाली, "सामोआची विमानं चिमुकली, तिथं खरोखर वजनाचा प्रश्न असेल. आपल्या विमानात प्रश्न रुंदीचा आहे." वजनकाट्यावर उभं करण्याची कल्पना तिलाही पटली नाही.

भावाला मात्र जवळचं उदाहरण आठवलं. "करोनात, २०२० च्या जुलैत, इंडिगोनं एका माणसाला दोन सीट द्यायला सुरुवात केली होती. दुसरी सीट मूळ भाड्याच्या फार तर पाव भागात. शेजारी कोणी नको असलेल्यांसाठी. विमानं रिकामी होती तेव्हा हे जमलं. म्हणजे दुसऱ्या सीटची किंमत पहिलीइतकीच असली पाहिजे असं काही दगडावर कोरलेलं नाही."

लेकीनं हे मान्य केलं. ती म्हणाली, "पाव भाड्यात मिळत असेल तर माझी हरकतच नाही. माझा आग्रह पैशांचा नाहीच. शेजाऱ्याच्या वाटणीतून जागा काढू नका, एवढंच. कंपनीनं द्यावी, तुम्ही घ्यावी, कशीही."

इथं मला माझं मत सांगायलाच हवं. कॅनडाची वाट बरोबर आहे, आणि ती अपंगत्वाच्या दाखल्यापुरती न ठेवता शरीराच्या मापापर्यंत न्यावी. कारण सीट किती रुंद ठेवायची हे प्रवाशानं ठरवलेलं नाही. ज्यानं ठरवलं, आणि त्या ठरवण्यातून रांगेमागे एक तिकीट जास्त कमावलं, त्यानं त्याचा खर्च उचलावा. लेकीचं भाडं पुरतं घेऊन तिला पाऊण सीट देणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि भावाचं भाडं पुरतं घेऊन त्याला चारचौघांत शरमेनं बसवणं हीसुद्धा. दोघांनी एकमेकांशी भांडावं आणि ज्यानं दोघांना ती जागा विकली त्यानं नामानिराळं राहावं, हे मला मान्य नाही. सीटच्या मापांचा नियम करायचा प्रयत्न अमेरिकेत झाला: तिथल्या काँग्रेसनं २०१८ च्या कायद्यात किमान मापं ठरवायला सांगितलं. त्यासाठी ओक्लाहोमा सिटीत चाचण्या घेतल्या गेल्या, पण त्यात मोजलं काय, तर विमान किती सेकंदांत रिकामं होतं. बसलेल्या माणसाचं काय होतं, ते मोजलं गेलं नाही. आपल्या डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या नियामकानं, हे मोजावं.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर काय करायचं, यावर दोघांचं दुपारी जेवताना बऱ्याच गोष्टींवर एकमत झालं आणि त्या मला उपयोगाच्या वाटतात. अंग मोठं असेल तर तिकीट काढतानाच कडेची सीट घ्यावी, निदान एका बाजूला रस्ता मोकळा राहतो. पट्टा पुरत नसेल तर विमानात शिरतानाच दारापाशी हळूच एक्स्टेन्शन बेल्ट मागावा, तो विमानात असतो आणि फुकट मिळतो. चेक-इनच्या खिडकीवर, विमान भरलेलं नसेल तर शेजारची सीट रिकामी ठेवता येईल का, असं विचारावं. जमलं तर ते ठेवतात. आर्मरेस्ट शेजाऱ्याला विचारल्याशिवाय वर करू नये. अडचण शेजाऱ्याची होत असेल तर त्यानं आधी त्या माणसाशी बोलावं, मग कर्मचाऱ्यांना बोलवावं, आणि तेही हलक्या आवाजात. जागा बदलायची तर कर्मचाऱ्यांना विचारून, कारण विमानाचा तोल वजनाच्या वाटणीवर धरलेला असतो.

भावानं शेवटी एक गोष्ट काढली जी मी इतक्या वर्षांत कधी लक्षात घेतली नव्हती. चाकण, तळेगाव, भोसरी, रांजणगावच्या कंपन्या रोज दिल्ली, चेन्नई, अहमदाबादला माणसं पाठवतात. तिकीट तो माणूस काढत नाही. कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क काढतो, सगळ्यात स्वस्त असेल ते, आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे बहुधा मधली सीट. "तू भांडतेस तो दिल्लीचा काका तरी स्वतःच्या पैशानं चालला होता कशावरून? त्यालाही कोणीतरी मिळेल त्या सीटवर कोंबला असेल." लेक यावर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीत प्रवासाचा फॉर्म उघडून बघितला आणि मला फोनवर वाचून दाखवला. शाकाहारी की मांसाहारी, हा रकाना त्यात आहे. सीटबद्दल एक शब्द नाही.

म्हणून या पट्ट्यातल्या एचआर आणि प्रशासन विभागांत काम करणाऱ्या वाचकांना माझं सांगणं आहे. तुमच्या फॉर्मवर जेवणाच्या रकान्याखाली एक ओळ वाढवा: कडेची किंवा जास्तीची सीट हवी का? ज्यानं हो लिहिलं त्याला कारण विचारू नका, वरिष्ठाची सही मागू नका आणि तिकीट काढून द्या.